गोळ्यावरचे तडे

३ मार्च
घर्षणाचा आकडा आज आणखी उतरला. सगळ्यांनी खुशीत चहा घेतला. मी इथला अहवाल लिहिणारा. संस्कृत शिकलो आणि खुब्याच्या कृत्रिम गोळ्यांवर लिहितो — कर्मविपाक, दुसरं काय. गोळा धातूचा, त्यावर कार्बनचा काळा थर, केसाच्या पन्नासाव्या हिश्शाइतका. बाराच्या खेपेतला एक यंत्रावर झिजवून पाहायचा, बाकीचे अकरा रुग्णांना. त्यांतला एक ताईचा. येत्या शुक्रवारी ऑपरेशन. दोन वर्षं थांबली आहे.

४ मार्च
गोंधळ. आकडा उत्तम, आणि सूक्ष्मदर्शकाखाली थराला तडे! तपासणीच्या बाईंना विचारलं, घर्षण कमी तर झीज कशी? म्हणाल्या, “शास्त्रीबुवा, थर झिजतो, त्याचीच काजळी वंगणासारखी पसरते. मरता मरता गुळगुळीत होतो तो.”
म्हणजे सुधारतोय तो बिघडतोय? अद्वैत यापेक्षा सोपं होतं.

५ मार्च
साहेब म्हणाले, “एका गोळ्यावरून खेप अडवायची? यंत्राचा दोष असेल. मोघम लिहा काहीतरी.” एक वाक्य लिहिलं. खोडलं.
संध्याकाळी ताईकडे. “माझा गोळा कसाय रे? काळासावळा?” म्हटलं, काळा आहे, सावळा नाही. हसली. मग टेबल धरून उठली आणि दोन पावलांत घामाघूम. हिला सांगू काय? मलाच कळलेलं नाही.

६ मार्च
काही लिहिलं नाही. इथेही नाही, तिथेही नाही.

७ मार्च
बाईंनी बोलावून दाखवलं. तडे वाटेल तसे गेलेले नाहीत — वळणावळणांनी, एकात एक. “अंगठा आहे हा,” त्या म्हणाल्या. “थर चढण्याआधी कुणीतरी उघड्या हातानं धरलाय. बोटाच्या तेलकटपणावर थर धरत नाही.”
साहेबांना हायसं वाटलं. “मग हा एकच खराब. बाकीचे उद्या पाठवून द्या.”

८ मार्च
अंगठा माझा. गोळे धुऊन झाल्यावर अहवालातल्या फोटोंसाठी बाराही मीच उचलले होते. हातमोज्यांनी कॅमेऱ्याचं बटण दाबता येईना, म्हणून काढून ठेवले होते.
साहेबांना तसं लिहून दिलं. खेप थांबली. ताईला फोन केला. सगळं सांगितलं. मग म्हणाली, “बाराही? एखादा तरी सोडायचास रे.”