शुक्रवारी टोचलेला हात मुदतीत बघण्याबाबत

प्रति,
मा. शालेय आरोग्य अधिकारी,
शालेय आरोग्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : नवीन विद्यार्थिनीच्या क्षयरोग चाचणीचा हात वेळेत बघितला जाण्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांवरील आपले एकच उत्तर.

महोदय,

१. सविनय निवेदन करतो की, मी बेकरीत भट्टीवर कामाला असून माझी मुलगी यंदा तिसरीत नव्याने दाखल होत आहे. नियमाप्रमाणे प्रत्येक नवीन विद्यार्थ्याच्या हातावर क्षयरोग तपासण्याची सुई टोचतात आणि बहात्तर तासांच्या आत तिथली सूज मोजतात. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. मुलीची आई गेल्या वर्षी याच आजाराने गेली. त्यामुळे ही चाचणी व्हावी असे इतर कोणाहीपेक्षा मलाच जास्त वाटते.

२. अडचण अशी की, टोचणाऱ्या सिस्टर शाळेत शुक्रवारी येतात आणि मोजणाऱ्या सिस्टर मंगळवारी. पहिल्या दोन्ही वेळी मुलीच्या कार्डावर 'मुदतबाह्य, पुन्हा टोचावे' असा शेरा पडला. मोजणाऱ्या सिस्टर मनाने चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या, "भाऊ, मला दिसतंय हो, पण मंगळवारी दिसलेलं लिहिता येत नाही." आपण उत्तरात 'दोन्ही परिचारिका आपापल्या दिवशी हजर असल्याने तक्रारीत तथ्य आढळत नाही' असे कळवले आहे. ते खरे आहे. त्या हजर असतात.

३. मुलीला मी सरकारी दवाखान्यातही नेले. तिथे "शाळेची सुई शाळेनेच बघायची" असे सांगून आम्हाला वाटेला लावले.

४. अहवाल नाही म्हणून वर्गात बसता येत नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी दाराबाहेर खुर्ची दिली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. तिथून फळ्याची उजवी बाजू तेवढी दिसते. म्हणजे मुलीला उत्तरे मिळतात, गणिते मिळत नाहीत. ती मला म्हणते, "बाबा, माझं एकही चुकत नाही."

५. 'कोणीतरी तुझा हात बघायला येईल' असे तिला सांगितले आहे. तेव्हापासून दारात येईल त्याला ती बाही वर करून हात दाखवते. मीटर बघणाऱ्याला दाखवला, गॅसवाल्यालाही दाखवला. गॅसवाला बिचारा "छान आहे" म्हणाला आणि सिलिंडर ठेवून गेला. आंघोळ करताना तो हात ती वर धरून ठेवते, सूज पुसली जाईल म्हणून.

६. परवाच्या शुक्रवारी तिसऱ्यांदा टोचले. या खेपेला फुगवटा मोठा आहे आणि मुलगी आठवडाभर खोकते आहे. त्याचा अर्थ काय, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. माझ्या पत्नीचाही अहवाल यायचा होता. तो ती गेल्यावर आला. त्यात उपचार तातडीने सुरू करावेत असे लिहिले होते. तेव्हा मी कार्यालयात फार आरडाओरडा केला होता. आता तसे काही होत नाही. पीठ मळतो, पाव काढतो, अर्ज लिहितो. भीती मात्र वाटते.

७. सबब, वर्गातली जागा मी आता मागत नाही. आधीच्या अर्जांतली ती मागणी रद्द समजावी. शुक्रवारी सकाळी अकराला टोचले होते, म्हणजे आज अकराला मुदत संपते. आपले कार्यालय दहाला उघडते. आपल्या दारावरच्या पाटीवर डॉक्टर असे लिहिलेले आहे. तरी हा अर्ज आवक विभागाकडे पाठवण्यापूर्वी आपण स्वतः खालील जोडपत्रांपैकी तिसरे तेवढे बघावे, ही हात जोडून विनंती.

आपला नम्र व दारातच थांबलेला,
नवीन विद्यार्थिनीचा बाप

सोमवार, सकाळी दहा

सोबत :
१. आधीच्या दोन्ही अर्जांची पोच.
२. पत्नीचा अहवाल.
३. मुलगी. बाहेर बाकावर बसली आहे. डावा हात. बाही वर केलेली आहे.