ओजसच्या नावापुढचे सात डाव

फ्रिस्को, टेक्सास
कार्तिक वद्य अष्टमी, बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

चि. ओजस यास अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. आईचा गुडघा दुखतो, पण तिच्यापेक्षा कमी कुरकुरतो. तिकडे तुझ्या श्रूजबरीत थंडी पडली असेल. इकडे अजून एसी लागतो. पत्र मराठीत लिहिण्यात तुझा छळ करायचा हेतू नाही. जोडाक्षर अडलं तर आईला फोन कर, त्या निमित्ताने फोन तरी येईल.

तुझे शाळेतले कोच प्रुइट सोमवारी गेले. शनिवारी अकराला चर्चमध्ये अंत्यविधी आहे. आईच्या मेसेजला तू उत्तर दिलंस, 'ही नेव्हर लाइक्ड मी. नॉट कमिंग.' ते वाचून लिहायला बसलो. तीन कागद फाडले. फोनवर तू 'इट्स फाइन, बाबा' म्हणतोस आणि मी ते खरं मानतो, म्हणून पत्र. उद्या दुपारी मिळेल अशा टपालाने पाठवतोय.

जरा पाल्हाळ सोस. मी या देशात आलो तेव्हा इथला फुटबॉल म्हणजे हत्तींची झुंज होती. एकाने हातात बॉल घेऊन मधून घुसायचं, बाकीच्यांनी रेटून अडवायचं. बचावाला पुढे चार धिप्पाड, त्यांच्यामागे तीन लाइनबॅकर, मग चौघे पळणारे. तुझ्यासारख्या दोनशे पंधरा पौंडांच्या लाइनबॅकरला तेव्हा राजेशाही मान. पुढे जो तो पास फेकायला लागला, झेलणारे मैदानभर पांगले, आणि त्यांच्यामागे धावायला हत्ती कामाचा उरला नाही. तिसरा लाइनबॅकर बाहेर, त्याच्या जागी पाचवा चपळ गडी आत. पूर्वी ही युक्ती अडीअडचणीला काढत. हळूहळू तीच रोजची झाली. (महाभारतातले व्यूह मी मध्ये आणणार नाही. आईची सक्त मनाई आहे.)

तुझ्या शाळेत हा बदल झाला तो तुझ्या शेवटच्या सीझनला, चार सामने बाकी असताना. तिसरा लाइनबॅकर तू होतास. तो बदल कोचने केला असं तू धरून चालतोस. ते अर्धं खरं आहे.

शनिवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर सामन्याचं रेकॉर्डिंग लावून बसायचो, आठवतं? पालकांत कोणी आकडेमोड करणारा आहे का, असं कोचने विचारलं होतं. प्रत्येक डावात किती यार्ड गेले, कोणाच्या चुकीने गेले, ते मी लिहायचो. सहा सामन्यांनंतर त्यांनी विचारलं, तिसरा लाइनबॅकर ठेवू की काढू? मी तक्ता पुढे केला. तुझ्या नावापुढे चुकीचे एकोणीस डाव होते.

त्यांनी तुझ्या नावावर बोट ठेवलं. "गिरीश, हा तुझा मुलगा आहे."

"म्हणूनच नीट मोजलंय."

"त्याला तू सांगतोस की मी?"

"तुम्ही," मी म्हणालो.

त्यांनी तुला 'निर्णय माझा' असं सांगितलं, आणि पुन्हा कधी माझं नाव काढलं नाही. सीझन संपल्यावरच्या बँक्वेटला तू त्यांचा पुढे केलेला हात घेतला नाहीस तेव्हाही नाही. मी शेजारीच प्लेट घेऊन उभा होतो.

इथे थांबलो तर मी बरा माणूस ठरेन. थांबता येत नाही.

एकोणिसांतले सात डाव धड कळण्यासारखे नव्हते. चूक तुझी की तुझ्यामागच्या मुलाची, ते कॅमेऱ्यात दिसतच नव्हतं. सातही मी तुझ्या नावावर टाकले. तुझे आजोबा सांगलीला आमच्या वर्गाला संस्कृत शिकवायचे आणि मला दोन मार्क कमी द्यायचे, कोणी पक्षपात म्हणू नये म्हणून. मला राग यायचा. अभिमानही वाटायचा, आणि तीच गोम आहे. त्या टेबलाशी बसून मी तेच केलं, आणि आपण फार सरळ आहोत असं मला वाटलं.

बारा डावांवर कोचने काय ठरवलं असतं, माहीत नाही. खेळ त्या दिशेने चाललाच होता. वर्षभरात ती जागा गेलीच असती. पण वर्षभराने तू त्या शाळेत नसतास. ते चार सामने तुझे होते.

इथवरचं आईला आत्ता वाचून दाखवलं. ती उठली. गॅस बंद करून अंगणात जाऊन बसली आहे.

शनिवारी ये, किंवा नको येऊस. फक्त कोचवर रागावून घरी राहू नकोस. त्यांनी तुझं काही वाईट केलं नव्हतं. आलास तर विमानतळावर आई येईल. चर्चमध्ये मी मागच्या रांगेत असेन. माझ्या शेजारी बसायला हवं असं नाही.

बापाने मुलाची क्षमा मागायची तर पत्राखाली काय लिहायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही. म्हणून नुसतंच,

बाबा