खिडकीतला कप

गारखेडा. कार्तिकी द्वादशी, संध्याकाळ.

परवा आमचे हे नर्मदा परिक्रमेला निघणार. महिनाभर पायी, यंदा पहिला टप्पा. चितेगावच्या कारखान्यात यांची पाळी सोबतचा सुखदेव सांभाळणार. आज तो तेच सांगायला आला, तर हे आत येऊन मला म्हणतात, "चहा टाक. त्याच्या कपात दे."

त्याचा, म्हणजे खिडकीत पालथा घातलेला, कान तुटलेला. सुखदेव विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चाला जातो. त्याच्या जातीला आमच्या घरात वेगळा कप!

वर त्यालाच ऐकवतात, "परिक्रमेत दारोदार भिक्षा मागायची, मिळंल ते खायचं. माईच्या काठी कुणी जात इचारत नाय."

जीभ कशी झडत नाही या माणसाची?

सुखदेव नुसतं "व्हय, भाऊ" म्हणाला. कप स्वतःच विसळला, खिडकीत पालथा घातला आणि ड्युटीवर गेला. आणि मी तरी कोण मोठी? इतकी वर्षं त्या कपात चहा मीच ओतत आलेय.

आत्ता यांची झोळी भरली. भिक्षेला एखादं भांडं टाक म्हणाले. तो कान तुटलेला कपच धोतरात गुंडाळून घातलाय. प्या म्हणावं आता महिनाभर. माईच्या काठी कुणी इचारत नाय ना!