जाळ्याच्या कडेची लाल गाठ

तीर्थरूप बाबांना थोरलीचा नमस्कार.

खोली कोरडी आहे, खोकलाही बराच कमी झालाय. आईला म्हणावं, उगाच जीव टांगणीला लावू नकोस.

मी झाडलोट करते त्या संग्रहालयात आपल्या बंदरातलं एक जुनं जाळं काचेत मांडलंय. त्याच्या कडेला लाल दोऱ्याची दुहेरी गाठ आहे, आणि खाली पाटी: ‘शोभेसाठी’. मला हसू आवरेना. प्रत्येक घराची गाठ वेगळी असायची आणि वाहून गेलेलं जाळं तिच्यावरून ज्याच्या त्याच्या दारात परत यायचं, हे या शहाण्यांना कोण सांगणार? शेवटी मीच सांगितलं, ही आमच्या आजोबांची गाठ. साहेब म्हणाले, “पुरावा काय?”

माझ्या वेणीलाही तुम्ही तीच गाठ मारायचात, आठवतं? शाळेत कुणाला सुटायची नाही.

धाकटा लिहितो, तुम्ही हल्ली जाळ्याला हात लावत नाही. हात इतका कापतो का हो?

तरी लाल दोऱ्याची एक गाठ मारून पाठवा. धाकट्याला सांगू नका, तो बुटाची नाडी बांधतो तशी बांधेल. वाकडी आली तरी चालेल, पण तुमच्याच हातची हवी.

साहेबांना दाखवून झाली की ती मी माझ्याजवळच ठेवीन. वाहून गेलेलं तिच्यावरूनच घरी परत यायचं ना?

तुम्हा दोघांच्या पाया पडते,
तुमची थोरली