बेटाची एकच जागा

सर, तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी ऑफिसात होते, आणि कळल्यावर पुन्हा कामाला लागले. रडू आलं नाही. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. राग मात्र अजून आहे. गेलेल्या माणसावर रागावून काय मिळतं, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. तुम्ही असताना तुमच्याशी भांडायची माझी हिंमत नव्हती, म्हणून आता भांडते आहे.

शाळेचा तो जेवणाचा हॉल आठवतो? टेबलं भिंतीला लावायची, जमीन पुसायची, गाद्या अंथरायच्या, की झाली आपली जिम्नॅस्टिक्सची जागा तयार. बाबा नोकरीसाठी रत्नागिरीहून त्या एवढ्याशा बेटाच्या देशात आले आणि तिथलेच झाले. तुम्ही सांगलीहून मुलींना शिकवायला आलात. अख्ख्या हॉलमध्ये मराठी येणारी माणसं आपण दोघंच. बाकीच्या मुलींवर तुम्ही इंग्रजीत ओरडायचात, माझ्यावर मराठीत, आणि मला त्याचाही तोरा होता. "पडलीस तर पडलीस, तोंड पाडू नकोस!" बारवर लोंबकळून माझे तळहात सोलून निघाले, तेव्हा तुम्ही जुन्या बॅगेचं चामडं कापून माझ्या हाताच्या मापाचे पट्टे शिवलेत. शिवण वाकडी होती. मी ते उशाशी घेऊन झोपायचे. बारखाली उभी राहिले की तुम्ही पाठीवर हात ठेवून हळूच म्हणायचात, "हं, आता." ते ऐकल्याशिवाय मी कधी उडी घेतलीच नाही. मी देशाची चॅम्पियन झाले, म्हणजे फार मोठं काही नाही, आमच्याकडे स्पर्धक होत्याच बोटांवर मोजण्याइतक्या. पण जर्मनीतल्या मोठ्या स्पर्धेत आपल्या देशाला एकच जागा मिळाली आहे आणि ती माझी आहे, हे आमच्या स्वयंपाकघरात पोह्यांची बशी हातात धरून तुम्हीच आईला सांगितलंत. आईनं देवापुढे साखर ठेवली.

मग जर्मनीतला तो हॉल. मी सतरा वर्षांची, बॅगेत तुमचे पट्टे, आणि समोर आपल्या देशाच्या रंगाचा पोशाख घालून एक अनोळखी मुलगी हात-पाय मोकळे करते आहे. तिची आजी आपल्या बेटावरची. ती स्वतः जर्मनीत वाढलेली, जर्मन संघात निवड झाली नाही म्हणून आता आपल्याकडून खेळणारी. तुम्ही माझ्याजवळ येता आणि चेहरा हसरा ठेवून मराठीत सांगता, "तू राखीव आहेस. ती खेळेल. तिचे गुण जास्त येतील, देशाचं नाव होईल. आणि इथं रडायचं नाही, लोक बघताहेत." बघणाऱ्यांना वाटलं असेल, सर मुलीला धीर देताहेत. विमानात माझ्या शेजारी बसून तुम्ही मला तुमच्या वाटचा केक दिलात, तेव्हाही तुम्हाला हे माहीत होतं. आपल्या दोघांची भाषा तुम्ही माझं तोंड बंद करायला वापरलीत. थोड्या वेळानं ती बारखाली उभी राहिली. तुम्ही तिच्या पाठीवर हात ठेवलात आणि म्हणालात, "हं, आता." तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. जागा दिलीत ते मी कधीतरी गिळलंही असतं. ते दोन शब्द तरी माझ्यापाशी ठेवायचे होते, सर.

परत आल्यावर मी हॉलवर आले नाही, आणि तुम्हीही कधी आमच्या घरी आला नाहीत. एवढीच माझी कारकीर्द. पुढे लग्न झालं, नवरा पुण्याचा इंजिनियर, म्हणून मी नेमकी याच देशात, न्युरेम्बर्गला येऊन पडले. मुलीला मी जिम्नॅस्टिक्सला घालणार नव्हते. तीच मैत्रिणीबरोबर इथल्या फेराइनमध्ये गेली, म्हणजे वस्तीतल्या क्लबात, आणि मग थांबलीच नाही. चांगली आहे, पण जर्मन संघात घेण्याइतकी नाही. ते तिला यंदा सांगण्यात आलं.

आणि परवा बेटावरून तिथल्या जिम्नॅस्टिक्स संघटनेचा फोन आला. आईच्या नागरिकत्वावर मुलीला आपल्याकडून खेळता येईल, एक जागा आहे, पाठवता का? नवरा त्याच्या जर्मन मिसळलेल्या मराठीत म्हणाला, "अगं, नियमात बसतंय ना? आल्झो, मग प्रॉब्लेम काय आहे?" मी त्याला तुमची गोष्ट सांगितली. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. ती म्हणाली, "मग मी इतकी वर्षं कशासाठी पडत होते?" तिच्या तळहातांवरची सोललेली कातडी मला दिसत होती. तुमच्याकडे उत्तर असतं. तुमच्याकडे नेहमीच असायचं.

आज मीच उलट फोन केला. नाही म्हणायलाच केला होता, खरंच. फोनवरचे गृहस्थ फार सज्जनपणे बोलले. म्हणाले, "इथं एक मुलगी आहे, कष्टाळू आहे, तिला अजून काही सांगितलेलं नाही. राखीव म्हणून तीही येईल." मी त्यांना तिकिटांचं विचारलं, राहण्याची सोय विचारली, सरावाच्या वेळा विचारल्या. त्या मुलीचं नाव तेवढं विचारलं नाही.