लाल दिवा लागलाच नव्हता

शहापूर, भंडारा
१४ सप्टेंबर २०२४

प्रिय अनुप,

सप्रेम जय भीम.

तू आणि तृप्ती खुशाल असाल. इकडे आम्ही बरे आहोत. बाबांचा बीपी ताब्यात आहे. जवाहरनगरच्या कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांबरोबर त्यांचं सकाळचं फिरणं पुन्हा सुरू झालंय. गुड्डीच्या चाचणी परीक्षा संपल्या. धान यंदा सगळीकडे चांगला उभा आहे, लोक खूश आहेत.

फोन लावला तर तू उचलत नाहीस. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात आणि पुढे काही नाही. बाबा म्हणतात, "त्याले कंपनीनं सांगतलं असंल, ह्या गोष्टीत घरच्यांसंग बोलू नको म्हणून." असेल. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र वाचायला कोणी मनाई केली नसावी.

अपघाताचं तुला बाबांकडून अर्धवट कळलंय. मी नीट सांगते, कारण तुमच्या कंपनीचे लोक चौकशीला येणार आहेत आणि त्यांच्यात तू असावास अशी माझी इच्छा आहे.

दिघोरीच्या कौशल्याबाईंचं नागपुरात डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. मुलगा जागेश्वर सोबत होता. त्यांना घरी सोडायला जीवन आपली टॅक्सी घेऊन गेला. दुपारची वेळ, रस्ता कोरडा, ऊन पडलेलं. जागेश्वर समोर बसला. कौशल्याबाईंना डोळ्यात टोचत होतं, तर जीवननेच त्यांना म्हटलं, "मावशी, तुमी मांगच्या सीटवर आरामात लेटा." लाखनीच्या अलीकडे इंजिनातून टकटक आवाज यायला लागला. जीवन गाडी बाजूला घेणार तोच इंजिन जागच्या जागी जाम झालं. स्टेअरिंग दगडासारखं जड. गाडी अर्धी रस्त्यावर, अर्धी बाहेर, आणि मागून रेतीचा ट्रक.

कौशल्याबाई जागीच गेल्या. जागेश्वरचा हात मोडला.

गाडी पाच महिन्यांची होती अनुप. पहिल्यापासूनची सगळी सर्व्हिसिंग इथे शहापूरला, तुमच्याच वर्कशॉपमध्ये. दुसऱ्या कोणाचा हात तिला लागला नव्हता. जीवन तर दुसऱ्या कंपनीची गाडी बघत होता. तूच फोनवर म्हणाला होतास, "भाऊजी, आमच्या प्लांटमधली गाडी आहे, मी स्वतः पाहतो तिथं काय चालतं ते, बिनधास्त घ्या." हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. तुझ्या शब्दावर या घराचा किती भरवसा आहे, एवढंच सांगते.

जीवन ठीक आहे. खांद्याला मुका मार आहे, तो उतरेल. जरा कमी बोलतो, बस.

तू ये. इंजिन तुझ्या हातांनी उघड. जे निघेल ते निघेल.

तुझी
ताई

·

शहापूर
२ डिसेंबर २०२४

अनुप,

जय भीम.

तू आलास, चौकशी करून गेलास आणि घरी आला नाहीस. बाबांनी तुझ्यासाठी सकाळपासून अंगणात खुर्ची टाकली होती. मी त्यांना सांगितलं की साहेब लोकांसोबत असताना येता येत नसेल. त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, माहीत नाही.

मी मात्र तुला भेटले. वर्कशॉपमध्ये डबा घेऊन आले तेव्हा तुम्ही इंजिनचा खालचा भाग उघडला होता. बाकीचे दोघे फोनवर बोलत बाहेर गेले होते. मी तुझ्या पाठीमागेच उभी होते, तुझं लक्ष नव्हतं. तू ऑइलमध्ये बोटं घातलीस, अंगठ्याने चोळलीस आणि हात खिडकीच्या उजेडात धरलास. बोटांवर लोखंडाचा बारीक कीस चमकत होता. जसा लेथ मशीनखाली पडतो तसा. बाबांच्या कपड्यांना लागून यायचा तो लहानपणी आपल्या घरात, आपण दोघेही तो ओळखतो.

मी विचारलं, "हे काय रे?"

तू दचकलास. फडक्याला हात पुसलास आणि म्हणालास, "ताई, तू जा घरी. मी पाहतो नं."

त्या "मी पाहतो" वर मी दोन महिने काढले.

आता अहवाल आला. तीन सह्या आहेत, मधली तुझी. बाहेरून हलकं ऑइल टाकलं, त्यामुळे समोरचा ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागला, दिवा लागूनही चालक गाडी चालवत राहिला, म्हणून इंजिन जाम झालं. उत्पादनात कोणताही दोष आढळला नाही. किसाबद्दल एक अक्षर नाही.

मला वाटलं होतं, जीवन चिडेल. कागद फेकेल, तुला शिव्या देईल. मला ते हवं होतं. त्याने अहवाल वाचला, शेवटचं पान पुन्हा उघडलं आणि मला विचारलं, "हे अनुपची सही होय नं?"

मी म्हटलं, "हो."

"मंग खरंच असंल. अनुप कायले खोटं लिहीन? मलेच दिवा दिसला नसंल. जागेश्वरसंग बोलून राहिलो होतो मी, त्या नादात नसंल पाहिलं."

मी म्हटलं, "अहो, ऑइल कोणी टाकलं बाहेरचं? तुम्हाला माहीत नाही का तुम्ही टाकलं की नाही?"

तर म्हणतो, "वर्कशॉपवाल्यायनं टाकलं असंल. पन दिवा त मलेच पाहाचा होता."

म्हणजे तुझी सही खरी ठरावी म्हणून तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं ठरवतो आहे. तुला नागपूरला परीक्षेला घेऊन जाणारा, तू आत पेपर लिहीत असताना बाहेर गाडीत बसून राहणारा, "आमचा साळा इंजिनियर हाय" असं पेट्रोल पंपावरच्या पोरांनाही सांगणारा माणूस आहे तो. त्याच्या लेखी तू चुकूच शकत नाहीस.

दुसऱ्या दिवशी तो बसने दिघोरीला गेला. जागेश्वरच्या दारात उभा राहून म्हणाला, "भाऊ, माह्या चुकीनं मावशी गेली. मले माफ नका करू, पन मी सांगाले आलो." तोपर्यंत जागेश्वर आमच्या बाजूने होता. गाडी आपोआप बंद पडली, असंच सगळ्यांना सांगत होता. त्या दिवसापासून त्याने आमचा फोन घेणं बंद केलं. त्याचं काय चुकलं? ज्याने गाडी चालवली तोच चूक कबूल करतो आहे.

मी जीवनला किसाचं सांगितलं. मी पाहिलं होतं, असं म्हटलं. तो म्हणाला, "तुले काय समजते इंजिनातलं? अनुपनं पाहिलं नं, मंग झालं."

एक फोन कर अनुप. मला नको, त्याला कर.

ताई

·

शहापूर
९ मार्च २०२६

अनुप,

बाबांची तब्येत बरी आहे. गुड्डी अभ्यास करते. ऊन आत्ताच तापायला लागलं आहे. एवढी ख्यालीखुशाली पुरे.

तुझा फोन आला नाही. आता आला तरी त्याचा उपयोग नाही.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. तुला लाज वाटावी म्हणून जीवनची दशा मांडते आहे असं तुला वाटेल, म्हणून टाळली. दिघोरीहून परतताना तो पोलीस स्टेशनला गेला होता. तिथे त्याने स्वतःहून सांगितलं, लाल दिवा लागला होता, मी लक्ष दिलं नाही. आधीचा जबाब त्याने बदलला. जो दिवा कधी लागलाच नव्हता, तो लागला म्हणून सांगून आला. तेही चहा पिता पिता मला सांगितलं, जसं काही भाजी आणायला गेला होता. त्याच्यावर निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याची केस उभी आहे. गाडी चालवणं त्याने सोडलं. आता तो राइस मिलमध्ये पोत्यांची तोंडं शिवतो. रस्त्यावर मागून ट्रकचा हॉर्न वाजला की चालता चालता थांबतो, आणि ट्रक निघून जाईपर्यंत हलत नाही. गुड्डीने बापाचं हे पाहिलं आहे. आता ती त्याच्यासोबत रस्त्याने चालताना ट्रकच्या बाजूने चालते.

मी गप्प बसले नाही. माझ्या शाळेला सुटी असली की मी तुमच्या त्याच मॉडेलच्या गाड्या शोधत फिरायचे. साकोलीचा ईश्वर भेटला. त्याची गाडी चौथ्या महिन्यात बंद पडली होती, नशिबाने गावातल्याच गल्लीत. पवनीच्या कैलाशची पुलाच्या चढावर बंद पडली. दोघांनाही तुमच्या कंपनीने हेच लिहून दिलं होतं. तेच हलकं ऑइल, तोच लाल दिवा, तीच वाक्यं. फक्त नावं बदललेली. ईश्वर मला म्हणाला, "मॅडम, मी त समजलो होतो का मीच एकटा येडा हाव."

आम्ही तिघांनी मिळून ग्राहक आयोगात तक्रार केली. आयोगाने कैलाशचं इंजिन एका इंजिनियरिंग कॉलेजकडे तपासायला दिलं. त्यात तोच कीस निघाला. त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे की इंजिन घडवताना आत राहिलेला हा कीस कारखान्यातच धुऊन काढायला हवा होता, तो काढला गेला नाही. तो ऑइलबरोबर फिरत फिरत बेअरिंगमध्ये जाऊन बसतो आणि इंजिन चालता चालता जाम होतं. यात चालकाचा दोष नाही. ऑइलचा दाब शेवटपर्यंत ठीक राहू शकतो, त्यामुळे दिवा लागतही नाही.

त्यानंतर महिन्याच्या आत तुमच्या कंपनीने त्या काळात बनलेल्या सगळ्या गाड्या परत बोलावल्या. "ग्राहकांच्या सुरक्षेसाठी खबरदारी म्हणून." पेपरात बातमी आली. तुमच्या मोठ्या साहेबाचा हसरा फोटो होता.

ती बातमी घेऊन जागेश्वर स्वतः आला. हात अजून सरळ होत नाही त्याचा. मी चहा ठेवला. तो आणि जीवन ओट्यावर बसले. मग जागेश्वर म्हणाला, "जीवनभाऊ, तुमच्यावर राग धरून मी एवढे दिवस काढलो. मायच्या वर्षश्राद्धाले तुमच्या नावानं थुकलो. आता कोनावर राग धरू? मले त कंपनीचं तोंडबी मालूम नाई."

जागेश्वर गेल्यावर जीवन आत आला, मी पीठ मळत होते.

"भावना, अनुपले मालूम होतं का?"

मी खूप दिवस या प्रश्नाची वाट पाहत होते. मला वाटायचं, त्याने विचारलं की मी सगळं एका दमात सांगून टाकेन. पण त्या क्षणी मला खोटं बोलावंसं वाटलं. तुझ्यासाठी नाही. त्याच्यासाठी. या जगात त्याने ज्या दोन-चार माणसांना मानलं, त्यातला एक त्याच्याकडून काढून घेण्याचा मला काय अधिकार, असं वाटलं.

पण मी म्हटलं, "हो. त्याने स्वतःच्या बोटांवर पाहिला होता तो कीस. मी तिथेच होते. तुम्हाला सांगितलं होतं मी."

"होय, तू सांगतलं होतं," तो म्हणाला.

मग तो भिंतीला टेकून खाली बसला. मला वाटलं, आता रडेल. नाही रडला. हळू बोलायला लागला.

"त्यानं मले एकट्याले फोन कराचा होता. भाऊजी, तुमची चूक नाई, पन कोनाले सांगू नका, माही नोकरी जाईन. बस, एवढंच. मी कोनाले सांगतलो नसतो. केसबी अंगावर घेतलो असतो. निस्तं मले मालूम पाहिजे होतं का मी मावशीले मारलो नाई."

अनुप, हे मी तुला शब्दाला शब्द लिहिलं आहे. यात माझं काही घातलेलं नाही.

तुला नोकरी होती, तृप्तीला दिवस गेले होते, वरचे लोक दबाव आणत होते. बाबा हे सगळं मला समजावून सांगतात. तुला सही करावी लागली असेल, हे मी कदाचित मान्यही करेन. पण त्या माणसाला एक फोन करायला तुला कोणी अडवलं होतं? त्यासाठी कंपनीची परवानगी लागत नव्हती. तो तर तुला वाचवायला बसला होता.

मी त्याच्यासारखी नाही. साक्षीदारांच्या यादीत तुझं नाव मी दिलं आहे. वकील म्हणाले, "मॅडम, सख्खा भाऊ आहे, विचार करा." मी म्हटलं, केला. तुला समन्स येईल. त्याआधी कळावं म्हणून हे पत्र. बाबांना मी सांगितलं आहे. ते जेवले नाहीत, पण "नको" असं म्हणाले नाहीत.

भंडाऱ्याला येशील तेव्हा घरी येऊ नकोस. जीवन तुला या म्हणेल, खुर्ची देईल, गुड्डीला पाणी आणायला सांगेल, आणि तू आलास याचाच त्याला आनंद होईल. ते मला बघवणार नाही.

आयोगात ये. तिथे शपथ देतात. मग तुझ्या बोटांवर काय होतं ते सगळ्यांसमोर सांग. जीवन समोरच बसलेला असेल, त्याच्याकडे पाहून सांग.

जय भीम.

जीवनची बायको,
भावना