अंगठा नसलेल्या हाताचं चित्र

मंगळवार, ४ तारीख

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र येऊन पंधरवडा झाला आणि मी आज उत्तराला बसते आहे, म्हणजे तू मला किती बोलली असशील ते इथवर ऐकू येतंय. भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक. निदान पत्राच्या सुरुवातीला तरी सगळं ठीकच असतं.

काम तेच, सरांच्या संशोधनासाठी झाडावर चढणाऱ्या प्राण्यांचे हातपाय चितारायचे. सध्या सर दुपारी पडदे ओढून एका रात्रीच्या प्राण्याचं चित्रण दाखवतात. मांजराच्या पिल्लाएवढा जीव, डोळे मात्र हे एवढे. चित्रण इतकं संथ केलेलं असतं, की त्याची बोटं फांदीभोवती मिटेपर्यंत माझा डोळा लागतो. मग स्वप्नात मीच फांदीवरून चाललेली असते, हात कुठले आणि पाय कुठले कळत नाही, सगळ्यांनीच धरता येतं. खाली नुसती हिरवी पानं, आणि पडायची भीती म्हणून नाही. जाग येते तेव्हा टेबलाची कड घट्ट धरलेली असते.

सर म्हणतात, खार सालीत नख्या रोवून चढते. पण शेंड्याला, करंगळीएवढ्या डहाळीवर, नख्या रोवायच्या कशात? तिथे डहाळी मुठीतच धरायला हवी. आपले पूर्वज फळांमागे, किड्यांमागे तिथवर गेले, म्हणून नख्यांची नखं झाली आणि अंगठा बोटांसमोर आला, असं त्यांचं म्हणणं. तू सुईत दोरा ओवतेस ना, ती सगळी त्या पूर्वजांची कृपा.

गेल्या आठवड्यात मी एक घोळ घातला. कोळीमाकडाचा हात काढायचा होता. त्याला बाहेर दिसेल असा अंगठाच नसतो. चार लांब बोटांचा आकडा करून ते फांद्यांखालून झोके घेत जातं. नमुना समोर ट्रेमध्ये, आणि मी झकास अंगठा काढून ठेवला, नखासकट! सर पोट धरून हसले. मीही हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. ते बिचारे गांगरून पाणी आणायला पळाले.

आता सांगूनच टाकते. माझ्या उजव्या अंगठ्याच्या हाडात गाठ आहे. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उघडल्यावरच कळेल. वाचला तर वाचवीन, नाहीतर काढावा लागेल." मी मान डोलावली, जसं काही दुसऱ्याच कुणाचं चाललंय. जिवाला धोका नाही म्हणतात. तरी मला फार भीती वाटते, ताई. पेन्सिल धरता आली नाही तर मी करू काय?

काल स्वप्नात ते कोळीमाकड आलं. माझ्याकडे ढुंकूनही न बघता या झाडावरून त्या झाडावर गेलं, अगदी मजेत. आधी मला रागच आला. मग हेवा वाटला, आणि मी बराच वेळ त्याच्यामागून चालत राहिले.

तू ये. भाऊजींना दोन दिवस काही होत नाही. धीर द्यायला नको, तो सरांनी पोतंभर दिलाय. शुद्धीवर आल्यावर पट्टीकडे बघायची माझी हिंमत होणार नाही. तू आधी विचारून ठेव, अंगठा आहे की गेला. आणि तुझ्या त्या फटकळ तोंडानेच मला सांग. दुसऱ्या कुणी सांगितलं तर मला ते खरं वाटणार नाही.

डोळे मिटून तुझी वाट बघणारी,
तुझी धाकटी